आकड्यांविना गेलेला हंगाम: अमेरिकेचा सोयाबीन, चीनची पाठ आणि लातूरचा मोंढा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात शरद ऋतूतील सोमवारला एक वेगळे महत्त्व असते. दुपारी पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात चार वाजले की संघराज्याच्या कृषी खात्याचा पीक-प्रगती अहवाल प्रसिद्ध होतो. कोणत्या राज्यात मक्याची कापणी किती टक्के झाली, सोयाबीन किती उरला, जमिनीत ओल किती, हे त्यात राज्यवार नोंदलेले असते. गुरुवारी सकाळी निर्यात विक्रीचा अहवाल येतो आणि महिन्यातून एकदा, साधारण दहा-बारा तारखेच्या सुमारास, जगभरातील मागणी-पुरवठ्याचा ताळेबंद. आयोवातील शेतकऱ्यापासून सिंगापूरच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वजण हे आकडे एकाच क्षणी पाहतात. ज्याची शेती चाळीस एकर आहे त्यालाही आणि ज्याच्या मालकीची चाळीस जहाजे आहेत त्यालाही.

२०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ही घडी विस्कटली. अर्थसंकल्पाच्या वादातून केंद्रीय सरकारचे कामकाज बंद पडले आणि ते १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, बंदच राहिले. अमेरिकेच्या तोवरच्या इतिहासातील ही सर्वांत दीर्घ टाळेबंदी. सप्टेंबरअखेरच्या शेवटच्या अहवालात सोयाबीनची कापणी सुमारे एक पंचमांश झालेली होती. पुढचा अहवाल आला तेव्हा ती नऊ दशांशांहून पुढे गेली होती. मधला सगळा हंगाम, वर्षातील सर्वांत निर्णायक सहा आठवडे, आकड्यांविनाच गेले. ऑक्टोबरचा मासिक ताळेबंद तर प्रसिद्धच झाला नाही.

एरवी ही गैरसोय म्हणून सोडून देता आली असती. परंतु ज्या वर्षी हा अंधार पडला त्याच वर्षी अमेरिकी सोयाबीनचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बाजारातून उठून गेला होता. म्हणून या हंगामाकडे केवळ पिकाची कहाणी म्हणून पाहून चालणार नाही. बाजारपेठ एकदा हातची गेली की ती परत मिळवताना काय मोल द्यावे लागते, याचा हा धडा आहे आणि तो मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यालाही जवळचा आहे.

पीक भरघोस, गिऱ्हाईक गायब

टाळेबंदी उठल्यावर १४ नोव्हेंबरला आलेल्या अंदाजानुसार त्या वर्षी अमेरिकेत सोयाबीनचे उत्पादन ४.२५ अब्ज बुशेल होणार होते. सोयाबीनचे एक बुशेल म्हणजे २७.२ किलो, तेव्हा हे पीक साडेअकरा कोटी टनांच्या पुढे जाते. एकरी सरासरी ५३ बुशेल, म्हणजे एकरी चौदा क्विंटलांहून अधिक. मक्याचा अंदाज त्याहून थक्क करणारा होता: १६.७ अब्ज बुशेलांहून अधिक, म्हणजे सुमारे साडेबेचाळीस कोटी टन. इतका मका या देशाने पूर्वी कधीच पिकवला नव्हता.

या दोन पिकांच्या नशिबात मात्र त्या वर्षी जमीन-अस्मानाचे अंतर पडले. मक्याची निर्यात विक्रमी, तीन अब्ज बुशेलांच्या वर जाईल असा अंदाज होता. सोयाबीनची निर्यात मात्र १.६३५ अब्ज बुशेलांपर्यंत खाली येईल असे मानले जात होते. एकाच शेतातून निघणारी, एकाच यंत्राने कापली जाणारी आणि बहुधा एकाच कोठारात जाणारी ही दोन पिके. मग फरक कशाचा? उत्तर साधे आहे. मक्याला गिऱ्हाईक अनेक आहेत. मेक्सिको सर्वांत मोठा, त्यामागे जपान, कोलंबिया, दक्षिण कोरिया. यांपैकी एखाद्याने हात आखडता घेतला तरी बाजार तोल सांभाळतो. सोयाबीनचे तसे नाही. गेली वीस वर्षे अमेरिकी सोयाबीनची निर्यात प्रामुख्याने एका चीनच्या खांद्यावर उभी होती. २०२४ या वर्षात चीनने जगातून सुमारे साडेदहा कोटी टन सोयाबीन आणला. त्यात ब्राझीलचा वाटा सुमारे सत्तर टक्के आणि अमेरिकेचा वीस टक्क्यांच्या आसपास होता. हा वाटाही अमेरिकेच्या निर्यात नोंदींनुसार अडीच कोटी टनांहून अधिक होता. दुसरा कोणताही देश त्याच्या जवळपास पोहोचत नाही.

२०२५ च्या वसंतात आयात शुल्काचे युद्ध पुन्हा पेटले. चीनने प्रत्युत्तरादाखल शुल्क वाढवले आणि नव्या हंगामाच्या सोयाबीनची मागणीच नोंदवली नाही. सप्टेंबरमध्ये चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या नोंदीत अमेरिकी सोयाबीनची आयात शून्य होती. नोव्हेंबर २०१८ नंतर असे प्रथमच घडले. एरवी या सुमारास मिसिसिपीच्या काठाने आणि उत्तर-पश्चिमेच्या बंदरांतून जहाजे भरून जाऊ लागतात.

या ठिकाणी ऋतुचक्र समजून घ्यावे लागते. ब्राझीलचा सोयाबीन फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास निघतो, अमेरिकेचा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. ब्राझीलची कोठारे रिकामी होत आली की अमेरिकेची भरतात. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी ही अमेरिकेची विक्रीची खिडकी मानली जाते. परंतु ब्राझीलचे पीक तोवर सुमारे सतरा कोटी टनांवर गेले होते. इतका माल असला की तो शरद ऋतूतही पुरतो आणि अमेरिकेची खिडकी आपोआप अरुंद होते. चीनने त्या वर्षी नेमके हेच दाखवून दिले. ब्राझीलच्या मालासाठी अधिक पैसे मोजावे लागले तरी चालेल, पण अमेरिकेवाचून आपले अडत नाही.

अर्जेंटिनाचे तीन दिवस

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर या नाट्यात आणखी एक पात्र उतरले. अर्जेंटिनात चलनसंकट गडद होत होते आणि सरकारला तातडीने डॉलर हवे होते. २२ सप्टेंबरला तेथील सरकारने धान्य व तेलबियांवरील निर्यात कर तात्पुरता उठवला. सोयाबीनवर तो २६ टक्के होता. सात अब्ज डॉलरच्या निर्यात नोंदणीपुरती असलेली ही सवलत अवघ्या तीन दिवसांत संपली, कारण नोंदणी तितक्या अवधीत पूर्ण झाली. चिनी खरेदीदारांनी जहाजेच्या जहाजे भरून माल उचलला. भारतीय आयातदारांनीही याच संधीत अर्जेंटिनाचे सोयातेल मोठ्या प्रमाणात खरेदी केले.

त्याच सुमारास अमेरिकेचा अर्थविभाग अर्जेंटिनाला वीस अब्ज डॉलरचा आधार देण्याची तयारी करत होता. आपल्याच करातून सावरल्या जाणाऱ्या देशाने आपलेच गिऱ्हाईक पळवावे, ही बाब आयोवा, इलिनॉय, नॉर्थ डकोटातील शेतकऱ्यांच्या जिव्हारी लागली. हा वर्ग राजकीयदृष्ट्या प्रामुख्याने सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा, म्हणून त्याच्या नाराजीची दखल वॉशिंग्टनला घ्यावीच लागली.

३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली. अमेरिकेच्या सांगण्यानुसार चीनने वर्षाअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन आणि त्यानंतर २०२६, २०२७ व २०२८ या प्रत्येक वर्षी किमान अडीच कोटी टन सोयाबीन घेण्याचे मान्य केले. शिकागोच्या वायदे बाजारात सप्टेंबरमध्ये बुशेलला दहा डॉलरच्या आसपास घुटमळणारा भाव नोव्हेंबरमध्ये अकरा डॉलरच्या वर गेला.

हा विजय आहे का? आकडे शेजारी ठेवून पाहावे. वर्षाला अडीच कोटी टन म्हणजे २०२४ मध्ये होता त्याहून किंचित कमीच व्यापार. म्हणजे एवढ्या उलथापालथीनंतर अमेरिकेने जे मिळवले ते फार तर आधीचेच होय. शिवाय त्यानंतरही अमेरिकी सोयाबीनवर चीनमध्ये १३ टक्के शुल्क राहिले आणि ब्राझीलच्या मालावर ३ टक्के. खाजगी चिनी गिरणीमालकाला हिशेब जमत नव्हता. तेव्हा जी खरेदी सुरू झाली ती मुख्यतः चीनच्या सरकारी कंपन्यांची. सरकारच्या आज्ञेने सुरू झालेली खरेदी सरकारच्या आज्ञेने थांबूही शकते.

जुना रोग, जुनेच औषध

हे सगळे पूर्वी घडून गेले आहे. २०१८ च्या व्यापारयुद्धात चीनची खरेदी तीन कोटी टनांवरून एक कोटीच्याही खाली घसरली होती. सरकारने शेतकऱ्यांना दोन वर्षांत वीस अब्ज डॉलरहून अधिक भरपाई दिली. जानेवारी २०२० मध्ये ‘पहिल्या टप्प्याचा’ करार झाला, त्यात ठरलेली खरेदी पूर्णपणे कधीच झाली नाही. याच काळात ब्राझीलमध्ये नवी शेते, नवे रस्ते, उत्तरेकडील नवी बंदरे उभी राहत गेली.

त्याही मागे जाता येते. १९७३ च्या जूनमध्ये देशांतर्गत महागाई रोखण्यासाठी अध्यक्ष निक्सन यांनी सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही, पण अमेरिकी मालावर विसंबलेला जपान त्याने हादरला. पुढे जपानने ब्राझीलच्या सेर्राडो या ओसाड समजल्या जाणाऱ्या पठारी प्रदेशाच्या विकासात पैसा व तंत्रज्ञान ओतले. आज अमेरिकेची झोप उडवणारा ब्राझीलचा सोयाबीन मोठ्या प्रमाणात त्याच भूमीत पिकतो. १९८० साली कार्टर यांनी सोव्हिएत संघाला धान्यविक्री बंद केली तेव्हाही खरेदीदार उपाशी राहिला नाही, तो दुसऱ्या दुकानात गेला. काही आठवड्यांच्या बंदीने पन्नास वर्षांचा प्रतिस्पर्धी जन्माला येऊ शकतो, हा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाची निर्यात बंद केली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद झाला. त्या आठवड्यात अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांतून सोना मसुरीच्या गोण्यांसाठी लागलेल्या रांगा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. तांदळाची ही बंदी सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद होती, तिची झळ नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याने सोसली. शहरी ग्राहकाला दिलासा देण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु प्रत्येक वेळी परदेशातील खरेदीदाराच्या मनात ‘हा पुरवठादार भरवशाचा नाही’ अशी नोंद होते आणि ती बंदी उठल्यावरही पुसली जात नाही.

अंधाराची किंमत कोण देतो

आता पुन्हा त्या ४३ दिवसांकडे येऊ. आकडे नव्हते म्हणून बाजार थांबला नाही. मोठ्या धान्य कंपन्यांकडे स्वतःचे हवामानतज्ज्ञ, उपग्रहचित्रे आणि प्रत्येक बंदरावर माणसे असतात. खाजगी संस्था पैसे घेऊन अंदाज विकतात. अंधार पडला तो सरकारी अहवालावर विसंबणाऱ्यांसाठी. माल आता विकावा की कोठारात ठेवावा, हा निर्णय शेतकऱ्याला याच आठवड्यांत घ्यायचा असतो. जवळच्या एलिव्हेटरवर मिळणारा भाव आणि शिकागोचा वायदे भाव यांतील फरकाला येथे ‘बेसिस’ म्हणतात. चीनची जहाजे नसल्याने उत्तर डकोटात, जेथील सोयाबीन रेल्वेने पश्चिम किनाऱ्याकडे जातो, हा फरक शेतकऱ्याच्या अंगावर येणार हे उघड होते. तो तात्पुरता की कायमचा, हे सांगणारा निर्यात अहवाल मात्र बंद होता. कर्ज व मदतीची कामे पाहणारी कृषी खात्याची तालुकावजा कार्यालयेही काही काळ कुलूपबंद होती. पाण्याच्या तुटवड्याने मिसिसिपीतील बार्ज कमी भाराने नेण्याची वेळ सलग चौथ्या शरदात आली, त्याने वाहतूक महागली ती वेगळीच.

सार्वजनिक आकडेवारी ही रस्ते वा पाणीपुरवठ्यासारखी सुविधा आहे, हे अशा वेळी कळते. ती असते तेव्हा तिची कोणी दखल घेत नाही. ती नसते तेव्हा ज्याच्याकडे खाजगी माहिती आहे तो आणि ज्याच्याकडे नाही तो, यांच्यातील सौदा समान राहत नाही.

लातूरला काय?

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही भारताची दोन मुख्य सोयाबीन राज्ये. २०२५ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मोंढ्यातील प्रत्यक्ष भाव त्याच्या बराच खाली राहिला. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या पट्ट्यात उभी पिके पाण्याखाली गेली. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. म्हणजे पीक कमी, तरीही भाव नाही. असे का व्हावे?

त्याचे एक कारण शिकागोत आहे. अकरा डॉलर बुशेल हा भाव क्विंटलमध्ये मांडला तर सुमारे चाळीस डॉलर होतो, तेव्हाच्या विनिमय दराने ३,५५० ते ३,६०० रुपये. जगात सोयाबीन या भावाने मिळत असताना भारतीय सोयापेंड परदेशात विकणे कठीण जाते. दुसरे कारण तेलात आहे. भारत वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले गेले आणि मे २०२५ अखेर ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले. पेरणीच्या तोंडावर घेतलेल्या या निर्णयाने शेतकऱ्याला काय संदेश गेला असेल, हे सांगणे नको. त्यात अर्जेंटिनाचे ते तीन दिवस. आयोवाचे गिऱ्हाईक ज्या सवलतीने पळवले, त्याच सवलतीतील तेल भारतीय बंदरांकडे निघाले. तिसरे कारण घरचे आहे. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागल्याने सोयापेंडीची मागणी मंदावली आहे.

आणि चौथे कारण माहितीचे. भारतात सोयाबीन, सोयातेल यांसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित केले गेले. सट्टेबाजीने महागाई वाढते, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य किती यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. परिणाम मात्र उघड आहे. जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा भाव काय असेल, याचा कोणताही सार्वजनिक अंदाज लातूरच्या शेतकऱ्यापुढे नसतो. अमेरिकेतील शेतकऱ्याने जो अंधार ४३ दिवस अनुभवला, त्याचाच एक प्रकार आपल्या शेतकऱ्याने चार वर्षे अनुभवला.

पुढे काय पाहावे

अमेरिकेला आपला न खपलेला सोयाबीन व मका कोठेतरी विकायचा होता आणि तिची नजर भारताकडे होती. १४० कोटी लोकसंख्येचा देश आमचा एक बुशेल मका का घेत नाही, असा प्रश्न व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे केला. भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झालेल्या ५० टक्के शुल्काच्या सावलीत चाललेल्या वाटाघाटींत हा विषय येणे अटळ होते. अमेरिकेतील बहुतेक सर्व सोयाबीन व मका जनुकीय बदल केलेल्या वाणांचा आहे आणि भारताने अशा वाणांच्या धान्याला अद्याप दार उघडलेले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, लातूरचा भाव दहा हजारांवर गेला असताना, १२ लाख टन अशा सोयापेंडीच्या आयातीला अपवाद म्हणून परवानगी मिळाली होती. त्यानंतर भाव कसा उतरला, हे तेथील शेतकरी विसरलेला नाही.

या विषयावर सरसकट ‘होय’ वा ‘नाही’ म्हणणे सोपे आहे. परंतु एकरी चौदा क्विंटल काढणाऱ्या आणि सरकारी भरपाईचा आधार असलेल्या शेतकऱ्याशी, एकरी चार-पाच क्विंटलवर थांबणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची स्पर्धा लावताना आधी त्याच्या हाती काय दिले आहे, हे पाहावे लागेल. चांगले बियाणे, हमीभावाने वेळेवर खरेदी, ओलाव्याच्या नियमात अडवणूक नको, आयात शुल्काचे धोरण किमान एक हंगाम तरी स्थिर आणि भावाचा सार्वजनिक अंदाज. यांतील एकही गोष्ट वॉशिंग्टनच्या मर्जीवर अवलंबून नाही.

त्या हंगामानंतर तीन गोष्टी लक्ष ठेवण्याजोग्या होत्या. चीनची खरेदी १ कोटी २० लाख टनांपर्यंत खरोखर पोहोचते का, हे पुन्हा सुरू झालेल्या गुरुवारच्या अहवालांतून दिसणार होते. ब्राझीलमध्ये पेरलेल्या नव्या पिकावर पाऊस कसा पडतो, यावर फेब्रुवारीनंतरचा भाव ठरणार होता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे अमेरिकेत जैवइंधनासाठी होणारे सोयाबीनचे गाळप किती वाढते. ते तेव्हा वर्षाला अडीच अब्ज बुशेलांच्या घरात असून निर्यातीच्या कितीतरी पुढे गेले होते. परदेशी गिऱ्हाइकाचा भरवसा उरला नाही तेव्हा अमेरिकेने घरातच दुसरे गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ.

आयोवाच्या शेतकऱ्याच्या पाठीशी निदान ही गिरणी आहे, भरपाईची सवय असलेले सरकार आहे आणि सोमवारी चार वाजताचा अहवाल परत आला आहे. लातूरच्या मोंढ्यात गाडी लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र त्या दिवशीचा भाव आडत्याच्या तोंडूनच कळतो. दोघांच्याही मालाची किंमत एकाच जागतिक ताळेबंदात ठरते. तो वाचण्याची सोय फक्त एकाकडे आहे, आणि ती दुसऱ्यालाही मिळवून देणे हे कोणत्याही व्यापार करारापेक्षा सोपे काम आहे.